जामीनदाराला पहिल्या हप्त्यालाच कळवा

मा. संपादक,

पतसंस्थेचे कर्ज थकले की रत्नागिरी-सिंधुदुर्गात पहिला घाव बहुधा जामीनदारावर पडतो. इथले सातबारे सामाईक. मुंबईकर भाऊबंदांसकट वीस-पंचवीस नावे, वाटप झालेले नाही. असा हिस्सा लिलावात काढला तरी घ्यायला कोण येणार? म्हणून संस्था शिक्षक, एसटीचा वाहक असे पगारदार जामीनदार शोधतात आणि पगारकपातीचे संमतीपत्र कर्ज देतानाच घेऊन ठेवतात.

‘आधी कर्जदाराकडे जा’ हे म्हणणे टिकत नाही. करार कायदा, 1872 च्या कलम 128 नुसार, करारात वेगळे ठरले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते.

खरी चूक होते ती सहकार कायद्याच्या कलम 101 च्या, म्हणजे थकबाकी वसुलीच्या, नोटिशीला. ‘कर्ज माझे नाही’ म्हणून ती घेतली जात नाही, वसुली दाखला एकतर्फी निघतो. त्यावर त्याच कायद्याच्या कलम 154 खाली पुनरीक्षण (फेरतपासणीचा) अर्ज करता येतो, पण वसुलीयोग्य रकमेच्या 50 टक्के आधी भरावे लागतात. बहुतेकांची वाट तिथेच खुंटते. म्हणून सुनावणीलाच लेखी म्हणणे द्यावे. खातेउतारा, जामीनपत्राची प्रत आणि दंडव्याजाचा हिशेब मागावा. न विचारता कर्जाच्या अटी बदलल्या असतील, तर करार कायद्याच्या कलम 133 नुसार पुढच्या व्यवहाराला जामीनदार बांधील राहत नाही, हा मुद्दा तिथेच मांडावा. मात्र छापील जामीनपत्रात हा हक्क सोडून दिल्याची ओळ अनेकदा असते. सहीआधी ती शोधावी.

पैसे भरावेच लागले, तर कर्जखाते क्रमांकासह स्वतःच्या नावाची पावती घ्यावी. पूर्ण फेड केल्यावर संस्थेचे हक्क जामीनदाराकडे येतात, तारणावरचेही. कर्जदारावरचा दावा 3 वर्षांत लावावा लागतो. भावकीच्या भिडेने लोक गप्प राहतात, मुदत निघून जाते आणि बुडवणारा मोकळा सुटतो. ही भीड मला अजिबात पटत नाही.

आंबा बागायतदाराचा हप्ता वर्षाचा असतो आणि हंगामाच्या पैशातून वाशीच्या दलालाची उचल आधी वळती होते. मे-जूनचा हप्ता चुकल्याचे जामीनदाराला पुढच्या वर्षी कळून काय उपयोग? तेव्हा बागेचे पैसेही हाती उरलेले नसतात. हप्ता चुकल्यापासून 15 दिवसांत जामीनदाराला लेखी कळवणे सहकार खात्याने पतसंस्थांना सक्तीचे करावे.

— एक वाचक, चिपळूण