गोठा कोरडा ठेव

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

ताई बरी आहे. डॉक्टरांनी प्रवास नको म्हटल्यामुळे बाळंतपण इथेच डोंबिवलीत होणार, म्हणजे संक्रांत होऊन गेल्याशिवाय मी काही निफाडला येत नाही. इथे अजून दुपारी पंखा लागतो. तिकडे मात्र कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा तापमानाचा आकडा पेपरात रोज खाली येताना दिसतोय आणि माझा जीव गोठ्यात अडकलाय. फोनवर तू "हो आई, केलं" म्हणतोस, पण एखादी गोष्ट का करायची ते फोनवर नीट सांगून होत नाही. म्हणून लिहायला बसले. अण्णांना पहाटे गोठ्यात जाऊ देऊ नकोस. थंडीत त्यांचा दमा उठतो आणि अडवल्याशिवाय ते थांबायचे नाहीत. यंदा गोठा आणि परस दोन्ही तुझ्याच अंगावर आहेत.

एक गोष्ट आधी मनात पक्की कर. गाय गारठा सोसते, ओल सोसत नाही. तिच्या पोटात कडब्याचं पचन चालू असतं, त्याची ऊब तिला रात्रभर पुरते. पण मुतानं भिजलेल्या जमिनीवर ती बसली की ती ऊब खालून निघून जाते, सडांना भेगा पडतात, कासेला सूज येते. म्हणून रोज संध्याकाळी उसाचं पाचट चांगलं जाड अंथर. आपल्याकडे पाचटाला काय तोटा, शेजारचे उचलून न्या म्हणतात. सकाळी ओलं झालेलं तेवढं काढायचं आणि कोरडं तसंच राहू द्यायचं. पाचट पुरेसं आहे की नाही ते बघायची माझी रीत सोपी आहे. रात्री शेवटचा फेरा मारताना कपिला बसते तिथे गुडघा टेकव आणि थोडा वेळ तसाच थांब. कपड्याला ओल लागली तर आणखी घाल. तिथेच वाकलेला असताना एक श्वासही घे. डोळे चुरचुरले, नाकात झणका गेला, तर गोठा कोंडलाय असं समज. उभ्यानं तुला तो वास येणार नाही. जनावर मात्र रात्रभर त्याच उंचीवर नाक ठेवून असतं.

उत्तरेच्या बाजूला बारदानं बांधलीत ना? बांध, पण पत्र्याखाली वीतभर जागा मोकळी सोड. वारा अंगावर यायला नको आणि दमट हवा वरून बाहेर पडायला हवी. मायेपोटी चारी बाजूंनी गोठा बंद करणारे पुष्कळ आहेत आणि त्यांच्याकडेच माघात वासरं खोकतात. घमेल्यात निखारे घालून आत ठेवायचा विचारसुद्धा करू नकोस. धूर साठतो, आणि पाचट पेटायला एक ठिणगी पुरते.

पाण्याचं सांगते. सकाळी टाकीतलं पाणी हात बधिर होईल इतकं गार असतं, कपिला ते दोन घोट पिऊन तोंड फिरवते. विहिरीचं ताजं पाणी त्यामानानं कोमट असतं, ते काढून ठेव. दुधातला बहुतेक भाग पाणीच असतो. दुभत्या गाईला दिवसाला 40 लिटरच्या आसपास पाणी लागतं, ते पोटात गेलं नाही तर ती चाराही कमी खाते आणि दूध उतरतं. लोक पेंड बदलत बसतात, बादलीत हात कुणी घालून बघत नाही. आंबोण नेहमीचंच दे, फक्त कडब्याची कुट्टी संध्याकाळी थोडी वाढव. ती रात्री पचते आणि ऊब देते. धार काढायच्या आधी कास कोमट पाण्यानं धुऊन स्वच्छ फडक्यानं कोरडी कर. धार झाल्यावर सडांना चमचाभर ग्लिसरीन चोळ. अंग धुवायचंच झालं तर भर दुपारी, उन्हात.

लसूणघास सूर्य वर आल्याशिवाय कापू नकोस. दवानं भिजलेला कोवळा घास उपाशी पोटी गेला की पोट फुगतं. कापून थोडा सुकू दे, कुट्टीत मिसळ, मग गव्हाणीत टाक. डावी कूस ढोलासारखी ताठ दिसली तर लगेच डॉक्टरांना फोन कर. नंबर दिनदर्शिकेच्या मागे लिहिलाय. ते येईपर्यंत तिला उभीच ठेव, पुढचे पाय उंचवट्यावर येतील अशी. बाटलीनं तेल वगैरे पाजायला जाऊ नकोस. ठसका लागला तर ते फुफ्फुसात उतरतं, आणि ते दुखणं पोटफुगीहून वाईट.

चाऱ्याबद्दल आणखी दोन गोष्टी. आपल्या बांधाला लागून द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर तिथे डाऊनी-भुरी या रोगांसाठी फवारण्या चालूच असतात आणि फवारा वाऱ्यानं आपल्या बांधावर येतो. त्या कडेचं गवत हिरवंगार दिसलं तरी जनावरांना घालायचं नाही. शेळ्यांनाही त्या अंगाला सोडू नकोस. दुसरं म्हणजे कांदा. भाव पडले की लोक पाट्याच्या पाट्या आणून देतात आणि गाय आवडीनं खाते. कांदा जास्त पोटात गेला तर गाईचं रक्त बिघडतं, लघवी लाल होते. कुणी आणून दिला तर नम्रपणे नको म्हण. ज्वारी कापल्यावर बुडख्याला जे कोवळे फुटवे येतात तेही नकोत, त्यानं किरळ लागते, म्हणजे विषबाधा होते.

आता परस. गोठ्यात जी ओल नको, तीच इथे थंडीपासून राखण करते. आभाळ निरभ्र आहे, वारा पडलाय आणि संध्याकाळीच गारठा बोचायला लागलाय, अशा रात्री टोमॅटो आणि पपई धोक्यात असतात. त्या दिवशी दिवेलागणीला वाफ्यांना हलकं पाणी दे. ओली माती दिवसाची ऊब धरून ठेवते आणि रात्रभर सोडत राहते. एरवी मात्र पाणी सकाळी नऊ-दहाला द्यायचं, म्हणजे पानं दिवसा सुकतात. टोमॅटोच्या रोपांवर तुराट्या रोवून माझी जुनी साडी टाक. कपाटाच्या खालच्या फडताळात दोन काढून ठेवल्यात. ऊन आलं की काढायची, विसरू नकोस. आभाळ आलं तर थंडी कमी होते पण वालावर मावा आणि वाटाण्यावर भुरी येते. पानं उलटून बघत जा. माव्याला निंबोळी अर्क: लिटरभर पाण्याला 50 ग्रॅम निंबोळीचा भरडा, रात्रभर भिजवून गाळायचा, थोडं साबणाचं पाणी घालायचं, आणि फवारायचा संध्याकाळी.

मेथी एकदम सगळी पेरू नकोस. दर दहा-पंधरा दिवसांनी एकेक छोटा वाफा टाकत राहिलास तर थंडीभर पुरते. धने पेरताना चपलेखाली हलके रगडून दोन डाळी करून घे. मुळ्याचा पाला, कोबीची बाहेरची पानं, वाटाण्याच्या शेंगांची टरफलं शेळ्यांना चालतात, फवारलेली नसली तर. टोमॅटो आणि बटाट्याचा पाला मात्र थेट खड्ड्यात जाऊ दे. भोगीला भाजीतलं शक्य तेवढं सगळं परसातलंच असावं, असा माझा दरवर्षीचा हट्ट. पावटा, वाल, वांगी, गाजर, ओला हरभरा. यंदा ती भाजी तू करशील आणि अण्णांना तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरीबरोबर वाढशील.

गोठ्यातून काढलेलं ओलं पाचट फेकायची वस्तू नाही. खताचा खरा कस शेणापेक्षा मुतात जास्त असतो आणि पाचटानं तो शोषून घेतलेला असतो. ते खताच्या नाडेप हौदात थरावर थर घाल, मधे शेणकाला आणि माती. पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांची ही पद्धत. त्यांच्याच नावाच्या आद्याक्षरांवरून ते नाव पडलं. भिंतीला भोकं ठेवायची ती हवा खेळावी म्हणून, तेव्हा भोकांवर पोती रचून ठेवू नकोस. एरवी तीन-चार महिन्यांत खत होतं, थंडीत जरा जास्त वेळ लागतो. घाईनं कच्चं शेण वाफ्यात टाकशील तर मुळं करपतील आणि हुमणी येईल. कोंबड्यांची विष्ठा तर आणखी गरम, तीही हौदातूनच येऊ दे.

कोंबड्यांनी अंडी कमी केलीत म्हणून तू काळजी केलीस. त्यांना काही झालेलं नाही, दिवस लहान झालाय. अंडी देत राहायला कोंबडीला 14 ते 16 तास उजेड लागतो आणि डिसेंबरात आपल्याकडे दिवस जेमतेम 11 तासांचा. पहाटे चारला खुराड्यात दिवा लाव, एलईडी चालेल. पिल्लांना मात्र एलईडी नको, त्याला ऊब नसते. त्यांच्यासाठी जुना तारेचा बल्ब माळ्यावरच्या डब्यात आहे. पिल्लामागे दोन वॅट धर. पहिल्या आठवड्यात त्यांना 35 अंशांची ऊब हवी, मग दर आठवड्याला थोडी कमी. थर्मामीटर नसला तरी अडत नाही. रात्री आवाज न करता बघायला जा. बल्बखाली एकमेकांच्या अंगावर चढून चिवचिवत असतील तर बल्ब खाली घे, भिंतीला चिकटून चोच उघडी टाकून बसली असतील तर वर घे. कुणी खातंय, कुणी पाणी पितंय, कुणी मान टाकून पसरून झोपलंय, असं विखुरलेलं दिसलं की बरोबर आहे. खालचं तूस दोन-तीन दिवसांनी उलथत जा, इथेही ओलच घात करते. मानमोडीची लस पहिल्या आठवड्यात डोळ्यात थेंब टाकून द्यायची असते, ती चुकवू नकोस.

वालाच्या आणि दुधीच्या ज्या शेंगा-फळं वेलावर मी दोरा बांधून ठेवलीत ती खायला काढू नकोस, ती बियाण्याची आहेत. पूर्ण वाळू दे. बी सोलून सावलीत सुकव आणि चुलीच्या चाळलेल्या राखेत घालून मडक्यात ठेव. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाणं जपल्याबद्दल 2020 ची पद्मश्री मिळाली. आपल्या मडक्यातला वाल तुझ्या आजीच्या हातचा आहे, तो माझ्या हयातीत संपू नये एवढंच मला वाटतं.

शेवटचं, आणि सगळ्यात महत्त्वाचं. चांदी पौषात व्यायची. शेळीचे दिवस 150 असतात, दाराच्या मागे तारीख खडूनं लिहिलीय. बहुधा रात्रीच व्यायेल, म्हणून त्या आठवड्यात तिला कोपऱ्यातल्या कोरड्या जागी वेगळी बांध. करडू बाहेर आलं की आधी नाकातोंडातला चिकटा पुसायचा, मग चांदीला चाटू द्यायचं, आणि गोणपाटानं खसाखसा कोरडं करायचं. ओलं करडू पहाटेपर्यंत टिकत नाही. नाळेला टिंक्चर आयोडीन लाव. तासाच्या आत चीक पोटात गेलाच पाहिजे, वार पडायची वाट बघू नकोस. करडू उठत नसेल तर सड तोंडात धरून पाज. पहिल्या दिवशी वजनाच्या दहाव्या भागाइतका चीक पोटात जायला हवा, म्हणजे दोन किलोच्या करडाला 200 मिली, थोडा थोडा करून. रात्री डालग्याखाली पाचटावर ठेव, वरून पोतं टाक, एक बाजू उघडी ठेव.

ती अडली तर रात्री कितीही वाजलेले असोत, आधी डॉक्टरांना आणि मग मला फोन कर. ग्लिसरीन आणि आयोडीन संपत आलंय, शनिवारी निफाडला जाशील तेव्हा घेऊन ये. अण्णांची वाफ घ्यायची गोळीही घे.

तुझी,
आई