खिळे जुळवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

नाव कुठं छापू नको, असं तुम्ही बजावलंत म्हणून नावाशिवाय लिहितोय. पण हे आभार मला चारचौघांतच मानायचे आहेत.

लघुअनियतकालिकांच्या, म्हणजे पैसे जमतील तेव्हा लेखक स्वतःच काढायचे त्या छोट्या अंकांच्या, चळवळीवर कॉमिक्स काढतोय म्हटल्यावर बहुतेकांनी मला कवींचे जुने फोटो दाखवले. तुम्ही माळ्यावरून कंपोझिंगची स्टिक, म्हणजे अक्षरं जुळवायची पट्टी, काढलीत आणि शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, तळहातावर ठेवलेत. मग सायक्लोस्टाइलची सगळी रीत करून दाखवलीत: मेणाचा थर दिलेला स्टेन्सिल कागद, रिबन बाजूला करून टाइप करायचं, म्हणजे अक्षर मेणात कापलं जातं, नंतर रूळ फिरला की त्या कापातून शाई खालच्या कागदावर उतरते. मुंबईत 1950 च्या दशकात अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि रमेश समर्थ यांनी 'शब्द' हे अनियतकालिक असंच काढलं. 'साभार परत'चा शिक्का बसणाऱ्यांना संपादकाच्या परवानगीविना छापता आलं ते या स्वस्त यंत्रामुळं. बंडाची ही बाजू शब्दांत दोन वाक्यांत उरकते. चित्रात मात्र हात, कागद, शाईचे डाग सगळं दाखवता येतं. आता पहिलं अख्खं प्रकरण त्याच हातांचं आहे.

तुमचं दुसरं देणं मला त्याहून मोलाचं वाटतं. 'जे ते बोललेच नाहीत ते त्यांच्या तोंडी घालू नको, लेकरा,' असं तुम्ही म्हणालात. कॉमिक्समध्ये माणूस काढला की डोक्यावर फुगा येतोच, आणि फुग्यात काहीतरी लिहावंच लागतं. कवी नामदेव ढसाळांच्या तोंडी मी कोण वाक्य घालणार? म्हणून खऱ्या लेखकांना मी फुगे दिलेच नाहीत. ते दिसतात, चालतात, लिहितात. बोलतात ते कंपोझिटर, चहावाला, अंक विकत घेणारा विद्यार्थी. प्रस्थापित मासिक 'सत्यकथा'च्या अंकाची बंडखोरांनी केलेली होळी हा प्रसंगही पूर्ण मुका ठेवला आहे, आणि माझ्या मते पुस्तकातलं सगळ्यात बोलकं पान तेच आहे.

अनियतकालिकाचा पुढचा अंक कधी निघेल, हे पैशावर ठरायचं. त्या थांबण्यासाठी कोऱ्या चौकटी सोड, ही सूचनाही तुमचीच.

आणि आपला मराठवाडा! ही गोष्ट नेहमी मुंबईत सुरू होते आणि 1972 च्या ढसाळांच्या 'गोलपिठा' या कवितासंग्रहावर, दलित पँथर या संघटनेवर येऊन थांबते. औरंगाबादेतून निघालेलं 'वाचा' हे अनियतकालिक, तिथल्या मिलिंद महाविद्यालयात शिकवणाऱ्या गंगाधर पानतावण्यांचं दलित साहित्याचं 'अस्मितादर्श' यांना एखादी ओळ मिळते. 'अस्मितादर्श' तर त्रैमासिक, म्हणजे नियतकालिक. ते या गोष्टीत कसं बसवायचं, यावर आपण किती वाद घातला! ते तुमच्या म्हणण्याप्रमाणं स्वतंत्र प्रकरण झालंय. बाबासाहेबांनी 1950 मध्ये इथं ते मिलिंद कॉलेज काढलं, तिथं शिकलेली पिढी लिहू लागली आणि तिला छापणारं घर हवं होतं. त्याला कुणाच्या बंडाची शेपटी म्हणणं अन्याय झाला असता.

त्या प्रकरणाची पेन्सिलची पानं तयार आहेत. शाई चढवण्याआधी घेऊन येतो. प्रूफ वाचायच्या त्याच तांबड्या पेनानं खुशाल खुणा करा.

काकूंना नमस्कार. लोभ असावा.

तुमचा,
कॉमिक्सवाला