लॉरीचालकाच्या विश्रांतीचा हिशेब बिल्टीवर लिहिला जावा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

राष्ट्रीय महामार्ग ४८ वर लॉरी उलटली की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत ‘चालकाचा ताबा सुटल्याने’ हे शब्द हमखास असतात. बेळगाव जिल्ह्यातल्या कोगनोळीपासून हिरेबागेवाडीपर्यंतच्या पट्ट्यातल्या अशा बातम्या मी वर्षानुवर्षे वाचत आलो आहे आणि प्रत्येक वेळी मनात एकच प्रश्न येतो, की ताबा सुटण्याआधी तो माणूस किती तास स्टिअरिंगवर होता? निपाणीतल्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात मी सव्वीस वर्षे हिशेबनीस म्हणून काम केले असल्यामुळे हा प्रश्न मला टाळता येत नाही.

गेल्या महिन्यात तवंदी घाटाच्या पायथ्याशी चहाच्या टपरीवर थांबलो असता तिथल्या चार-पाच चालकांना मी मुद्दाम दोन गोष्टी विचारल्या. वेग किती ठेवायचा, याला सगळ्यांनी एका तोंडाने ‘ऐंशी’ असे उत्तर दिले. सलग किती तास गाडी चालवायची, याबद्दल कायदा काय सांगतो, असे विचारल्यावर मात्र सगळे एकमेकांकडे पाहू लागले. शेवटी गडहिंग्लजकडचा एक चालक म्हणाला, “तसला नियम सरकारी बसवाल्यांना असतोय काका, लॉरीला कुठला आलाय?” तो पहाटे तीनपासून निघालेला होता. डोळे लाल झाले होते आणि गळ्यातला टॉवेल ओला करून तो पुन्हा पुन्हा मानेवर ठेवत होता.

आधी वेगाविषयी लिहितो, कारण ‘ऐंशी’ हे उत्तर अर्धेच खरे आहे. केंद्र सरकारच्या एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेनुसार मालवाहू वाहनाला ताशी ८० किलोमीटरची मुभा द्रुतगती मार्गावर आणि मध्ये दुभाजक असलेल्या चौपदरी किंवा त्याहून मोठ्या रस्त्यावर आहे. नगरपालिका हद्दीत आणि इतर सर्व रस्त्यांवर ही मर्यादा ६० आहे, आणि जिथे फलकावर त्याहून कमी आकडा असेल तिथे तो फलक पाळायचा. म्हणजे संकेश्वरला महामार्ग सोडून आजरा-आंबोलीकडे वळलेल्या किंवा खानापूरहून जांबोटीकडे निघालेल्या दुपदरी रस्त्यावरच्या लॉरीला ऐंशीचा अधिकार उरत नाही. हा घोटाळा होण्याचे कारण वेगनियंत्रकात, म्हणजे गव्हर्नरमध्ये आहे. १ ऑक्टोबर २०१५ नंतर तयार झालेल्या मालवाहू गाड्यांत तो ८० वर बांधलेला असतो, टँकर आणि डंपरमध्ये ६० वर, आणि चालकांची अशी प्रामाणिक समजूत झाली आहे की गव्हर्नर सोडतो तेवढा वेग कायद्याला मान्य आहे. शिवाय हे यंत्र इंजिनाचे इंधन तोडते, गाडीला ब्रेक लावत नाही. घाटाच्या उतारावर डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रल केली तर गव्हर्नरचा काहीच उपयोग होत नाही आणि इंजिनाचा रोधही जातो. सगळा भार ब्रेकवर येऊन ड्रम तापतात आणि खाली वळणावर पाय दाबला तरी गाडी धरत नाही. हे एवढे प्रत्येक चालकाला, नव्याला आणि जुन्यालाही, गाडीजवळ उभे राहून समजावून सांगितले पाहिजे. २०१९ मध्ये व्यावसायिक वाहन चालवण्याच्या परवान्यासाठीची आठवी पासची अट काढण्यात आली, ते गरिबांच्या दृष्टीने योग्यच झाले. पण मग नियम तोंडी आणि त्यांच्या भाषेत सांगण्याची जबाबदारीही वाढली.

आता विश्रांतीविषयी. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास ही मर्यादा घालून दिली. लांब पल्ल्याच्या मार्गावर संबंधित अधिकाऱ्याची मंजुरी घेऊन ती वाढवता येई, पण तेव्हाही दिवसाला १० आणि आठवड्याला ५४ तासांच्या पुढे नाही. सलग ५ तास काम झाल्यावर निदान अर्धा तास विश्रांती, एका दिवसाचे काम संपल्यापासून दुसऱ्या दिवशीचे सुरू होईपर्यंत सलग ९ तास मोकळे आणि आठवड्यातून एक दिवस सुट्टी, हेही त्यातच होते. माल चढवण्या-उतरवण्याचे काम या तासांत धरले जाई, ही गोष्ट तर आमच्या ऑफिसात कोणालाच ठाऊक नव्हती. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ९१ चालकाच्या तासांसाठी याच कायद्याकडे बोट दाखवते. नोव्हेंबर २०२५ मध्ये या कायद्याची जागा जुने कामगार कायदे एकत्र करणाऱ्या २०२० च्या संहितेने घेतली, तीतही दिवसाचे आठ तास हेच मूळ प्रमाण आहे.

आणि आम्ही काय करत होतो? निपाणी ते बेंगळूर अंतर पावणेसहाशे किलोमीटरच्या आसपास आहे. भरलेली लॉरी घाट, टोलनाके आणि गावे धरून सरासरी ताशी पंचेचाळीसने गेली, तरी चाक फिरण्याचेच पावणेतेरा तास होतात. गाडी दुपारी दोनला वखारीत लागायची, भरून, ताडपत्री बांधून पाचला सुटायची आणि बिल्टीच्या, म्हणजे मालासोबत जाणाऱ्या पावतीच्या कोपऱ्यात मी माझ्या हाताने लिहायचो, ‘पोच सकाळी सहाच्या आत’. उशीर झाला तर भाड्यातून रक्कम कापली जायची, आणि ती कापून लावणाराही मीच होतो. तेरा तासांत पावणेतेरा तास चाक फिरायचे असेल तर त्या माणसाने जेवायचे कधी आणि डोळा लावायचा कधी, हा साधा भागाकार मी सव्वीस वर्षांत एकदाही केला नाही. एका पावसाळ्यात आमच्या एका गाडीचा चालक पहाटे चारच्या सुमारास झोपेतच दुभाजकावर चढला. जीव वाचला, पण पाय कायमचा गेला. त्याच्या बिल्टीवरही माझ्याच अक्षरातली ती ओळ होती. तो कागद मला आजही विसरता आलेला नाही.

म्हणूनच चालकांना नियम समजत नाहीत, एवढ्यावर बोट ठेवून थांबणे मला अन्यायाचे वाटते. वेगमर्यादा मोडण्यास नोकराला भाग पाडणारा मालकही मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ मध्ये दोषी आहे. जड वाहनासाठी तिथे २ ते ४ हजार रुपये दंड सांगितला आहे. तरीही अशक्य वेळ लिहून देणाऱ्या ऑफिसाला कोणी जाब विचारल्याचे माझ्या नोकरीत मी पाहिले नाही. रस्त्यात वजन, परमिट, कर, विमा सारे तपासले जाते. चालक काल रात्री किती झोपला, हे विचारण्याची पद्धतच नाही. युरोपात साडेचार तास गाडी चालवल्यावर ४५ मिनिटे थांबावे लागते आणि गाडीतले यंत्र त्याची नोंद ठेवते. आपल्याकडे चालकाचे तास ठरवून द्यावेत, असे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी २०२१ मध्ये बोलून दाखवले होते. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मोठ्या मालवाहू गाड्यांची केबिन वातानुकूलित असणे सक्तीचे झाले, हे चांगलेच आहे. पण थंड केबिनमध्येही तेरा तास हे तेराच तास असतात.

आणखी एक अडचण अशी, की १९६१ चा कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायालाच लागू होता. आपल्या सीमाभागात कर्ज काढून एकच लॉरी घेतलेले आणि स्वतःच ती चालवणारे कितीतरी जण आहेत. हप्त्याच्या तारखेखेरीज त्यांच्या तासांना कसलीच मर्यादा नाही.

माझी विनंती दोन गोष्टींपुरती आहे. बेळगाव, निपाणी, संकेश्वर येथील लॉरी मालकांनी आणि ट्रान्सपोर्ट ऑफिसांनी बिल्टीवर पोचण्याची वेळ घालताना भरण्याचे तास आणि दर पाच तासांमागे अर्धा तास धरूनच ती घालावी. हिशेब आठ तासांत बसत नसेल तर दुसरा चालक द्यावा किंवा दुसरा दिवस द्यावा, आणि त्याच कागदाच्या मागे वेगाचे व विश्रांतीचे नियम मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत छापावेत. दुसरे म्हणजे, महामार्गाची जबाबदारी असलेल्या अधिकाऱ्यांनी कोगनोळी ते हिरेबागेवाडी यांच्या दरम्यान दिवाबत्ती, पाणी, शौचालय आणि पहारा असलेले लॉरीतळ पुरेसे करावेत. डिझेल आणि ताडपत्री चोरीला जाण्याच्या भीतीने रात्री कुठे थांबायला चालक धजत नाहीत, आणि थांबले तर रस्त्याच्या कडेला अंधारात थांबतात.

आपला,
एक निवृत्त हिशेबनीस, निपाणी