‘सटायर’ बोकडाच्या पायांचे नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतील विनोदावरच्या लेखात ‘सटायर’ हा इंग्रजी शब्द ग्रीक ‘सॅटर’वरून, म्हणजे बोकडाच्या पायांच्या वनदेवतेवरून आल्याचे म्हटले आहे. ही व्युत्पत्ती जुनी आहे, पण चुकीची.

मूळ शब्द लॅटिन ‘सातुरा’. ‘सातुर’ म्हणजे भरलेला, तृप्त. नाना फळांनी भरलेल्या तबकाला ‘लान्क्स सातुरा’ म्हणत. एकाच कायद्यात भलतीसलती कलमे कोंबली तर तेही ‘पेर सातुराम’. (आपल्या संसदेलाही हा प्रकार परका नाही.) रोमन कवी एन्निअसने आपल्या संमिश्र कवितांना हे नाव दिले, त्यात टवाळी असलीच पाहिजे असे नव्हते. बोचकारे आले ते पुढे कवी लुसिलिअसपासून. हा प्रकार सर्वस्वी आमचाच, असे रोमन वक्तृत्वशिक्षक क्विंटिलियन ग्रीकांना ऐकवतो. तेलाच्या डब्यावरचे ‘सॅच्युरेटेड’ याच घराण्यातले. ‘फार्स’चेही मूळ स्वयंपाकघरातच आहे: त्याचा अर्थ सारण.

घोटाळा स्पेलिंगने केला. ‘सातुरा’तला ‘यू’ जाऊन ‘वाय’ आला, आणि शब्द थेट ‘सॅटर’सारखा दिसू लागला. मग सॅटर रानटी, तर सटायरही ओबडधोबड आणि शिवराळच हवे, अशी एलिझाबेथकालीन कवींची समजूत झाली. ती त्यांनी इतकी मनावर घेतली की जून 1599 मध्ये कँटरबरीचे आर्चबिशप आणि लंडनचे बिशप यांनी सटायर छापण्यावरच बंदी घातली. दोन्ही शब्दांची मुळे वेगळी असल्याचे 1605 मध्ये ग्रीक-लॅटिनचा पंडित आयझॅक कॅसॉबनने दाखवून दिले, तरी जुनी समजूत अजून जात नाही.

दुसरे म्हणजे, लेखात सटायरसाठी ‘व्यंग’ वापरले आहे. इंदुरी मराठीचे हे नेहमीचे दुखणे. हिंदीतला ‘व्यंग्य’ उचलताना वाटेत ‘य’ गळतो. ‘व्यंग्य’ हा व्यंजनेच्या कुळातला, म्हणजे सुचवलेला अर्थ. मराठीत ‘व्यंग’ म्हणजे वि + अंग, शरीरातली उणीव. ‘प्रसिद्ध व्यंगलेखक’ असे छापले की बिचाऱ्या लेखकाला काय झाले, असे वाटते. ‘व्यंगचित्र’ आता रुळले आहे, त्याला हात लावण्यात अर्थ नाही. सटायरला ‘उपहास’ पुरेसा आहे.

लेखमालेच्या पुढच्या भागात ‘सार्कॅझम’ येणार असल्याचे दिसते. तेथे मात्र ‘उपहास’ चालवू नये, ‘उपरोध’ हवा. ‘सार्क्स’ म्हणजे मांस, आणि त्यावरून झालेल्या ग्रीक क्रियापदाचा अर्थच मुळी कुत्र्यासारखे लचके तोडणे असा आहे.

— एक वाचक, रामबाग, इंदूर