फोन फोडू नका, लेकराला मारू नका, आधी पुरावा सांभाळा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या आगंमागं बीड, धाराशिव, परभणी, जालना जिल्ह्यांतल्या ऊसतोड टोळ्या कारखान्यांकडे निघतात. कोयत्यावर नवरा-बायको दोघंही जातात. म्हणून गुढीपाडव्यापर्यंत कित्येक घरांत आजी-आजोबा आणि शाळेत जाणारी मुलं एवढीच माणसं उरतात. आई-बापाशी बोलता यावं म्हणून एक स्मार्टफोन मुलांजवळ ठेवलेला असतो. तिकडे लातूर-नांदेडला नीट, जेईईच्या तयारीसाठी आलेली सोळा-सतरा वर्षांची मुलं खोली करून राहतात. त्यांच्याही हातात फोन असतो आणि जवळ घरचं मोठं माणूस नसतं. इंटरनेटवरून मुलांना जाळ्यात ओढणाऱ्यांना अशीच एकटी मुलं हवी असतात, म्हणून गळीत हंगामाच्या तोंडावर हे पत्र लिहीत आहोत.

अशा प्रकरणात पुढे तपास होणार की नाही, हे बऱ्याचदा पहिल्या तासाभरात घरातच ठरतं. मुलाला मार बसतो, फोन आपटला जातो, चॅट पुसलं जातं आणि 'गावात बोभाटा नको' म्हणून विषय मिटवला जातो. यात वाचतो तो फक्त गुन्हेगार. तो दुसऱ्या नावानं दुसऱ्या मुलाकडे वळतो.

या लोकांची पद्धत पालकांनी समजून घ्यायला हवी. सुरुवात फ्री फायर मॅक्स किंवा बीजीएमआय खेळताना जमलेल्या टीममध्ये होते, नाहीतर इन्स्टाग्रामच्या फॉलो रिक्वेस्टनं. अकाउंट त्याच वयाच्या मुलीचं किंवा मुलाचं म्हणून दाखवलेलं, फोटो कुठूनतरी उचललेला. आधी वर्गातल्या दोन-चार जणांना जोडून घेतलं जातं. पुढच्या मुलाला आपल्या ओळखीची नावं त्या अकाउंटवर दिसतात आणि तो रिक्वेस्ट स्वीकारतो. मग डायमंड किंवा यूसी, म्हणजे गेममधली विकत घ्यायची नाणी, भेट मिळतात, कधी रिचार्ज मारून दिला जातो. थोड्या दिवसांनी 'इथं नको, स्नॅपचॅटवर ये' किंवा 'टेलिग्रामवर ये' असा आग्रह सुरू होतो, कारण तिथं मेसेज आपोआप नाहीसे होण्याची सोय आहे. इथपर्यंत एकही घाणेरडा शब्द आलेला नसतो, त्यामुळे मुलाला संशय येत नाही. अनोळखी माणसानं दुसऱ्या ॲपवर बोलावणं आणि 'घरी सांगू नको' म्हणणं, या दोन गोष्टी एकत्र आल्या की तिथंच थांबायचं, एवढं मुलांच्या मनावर ठसलं तरी खूप काम होईल.

पुढे आधी चेहऱ्याचा साधा फोटो मागितला जातो, मग हळूहळू अंगावरचे कपडे कमी करत नेलेले फोटो. एक फोटो हाती आला की बोलण्याचा सूर बदलतो. मुलाच्या फॉलोअर्सच्या यादीचा स्क्रीनशॉट येतो आणि खाली प्रश्न असतो, 'यांना पाठवू का?' मुलांकडून बहुतकरून यूपीआयवर पैसे मागतात, मुलींकडून आणखी फोटो, व्हिडिओ कॉल किंवा प्रत्यक्ष भेट. फोटो दिलेलाच नसतो तेव्हाही धमकी येऊ शकते, कारण डीपीवरच्या साध्या फोटोवरून बनावट नग्न फोटो करणं आता अवघड राहिलेलं नाही. कायद्यात अशा बनावट फोटोलाही सूट नाही. आणि हा माणूस दूरचाच असेल असं समजू नका. खोट्या अकाउंटमागं नात्यातला, गल्लीतला किंवा शिकवणीतला माणूसही निघू शकतो.

मुलं घरी का सांगत नाहीत, याचं उत्तर आपल्याच घरांत आहे. मुलीला ठाऊक असतं की आपण तोंड उघडलं की फोन जाईल, पाठोपाठ शाळा जाईल आणि चार महिन्यांत स्थळ बघायला सुरुवात होईल. बालविवाहांची आपल्या भागातली स्थिती पाहता ही भीती खोटी नाही. मुलगा गप्प बसतो, कारण 'पोरगा असून तुझ्या बाबतीत असं कसं झालं' या प्रश्नाची त्याला लाज वाटते. धमकावणाऱ्याचा सगळा जोर या गप्प बसण्यावर असतो. म्हणून टोळीबरोबर निघण्याआधी, मुलाला लातूरच्या खोलीवर सोडताना, आई-बापानं स्वच्छ शब्दांत सांगावं: 'कुणी वंगाळ काही मागितलं, दाखवलं किंवा तू काही पाठवून बसलास तरी मला सांग. मी मारणार नाही आणि शाळा बंद करणार नाही.' आपण फडात असताना गावात कुणाला सांगायचं, तेही नावानिशी ठरवून द्यावं. चुलती असेल, मामी असेल, अंगणवाडीच्या ताई असतील. आजीला फोनमधलं काही कळत नसेल तरी चालेल, पण 'नातू फोन आला की घराबाहेर का जातो, रात्री का जागतो, जेवण का तुटलं' हे तिच्या आधी कुणाला दिसणार?

आता प्रत्यक्ष प्रसंग आला तर काय करायचं.

सगळ्यात आधी फोन एअरप्लेन मोडवर टाका. समोरचा माणूस पाठवलेले मेसेज 'सर्वांसाठी डिलीट' करू शकतो, आणि फोनला नेट नसेल तोवर ती सूचना फोनपर्यंत पोचत नाही. मग दुसऱ्या फोनच्या कॅमेऱ्यानं चॅटचे फोटो घ्या. स्नॅपचॅटवर स्क्रीनशॉट काढला की समोरच्याला कळतं, दुसऱ्या फोननं काढलेला फोटो कळत नाही. तारीख आणि वेळ दिसेल असं पाहा. मोबाईल कंपन्या एकच आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा ओळख क्रमांक, एकाच वेळी अनेक ग्राहकांना देतात, त्यामुळे नेमकी वेळ नसेल तर माणूस शोधणं अवघड होतं. मुलाच्या उघड्या फोटोंची मात्र नक्कल काढू नका, आणि ते मामाला, मुख्याध्यापकांना, अगदी ओळखीच्या पोलिसालाही व्हॉट्सॲपवर पाठवू नका. असा फोटो पुढे पाठवणं हाच गुन्हा आहे. ते मूळ फोनमध्ये जसे आहेत तसे राहू द्या आणि फोनच पोलिसांना दाखवा.

चॅट टिपून झालं की नेट सुरू करून धमकावणाऱ्याच्या प्रोफाइलची लिंक घ्या. इन्स्टाग्रामवर वरच्या तीन टिंबांत प्रोफाइलची लिंक कॉपी करण्याची सोय आहे. तिथंच 'अबाउट धिस अकाउंट'मध्ये अकाउंट कधी उघडलं आणि आधी कितीदा नाव बदललं हे दिसतं, त्याचाही फोटो घ्या. वर दिसणारं नाव एका मिनिटात बदलता येतं, म्हणून नुसतं नाव लिहून दिलेली तक्रार लंगडी पडते. व्हॉट्सॲप किंवा टेलिग्रामवर नंबर दिसत असेल तर तो लिहून ठेवा. गेममध्ये खेळाडूचा आकडी आयडी असतो, तो घ्या. त्यानंतरच ब्लॉक करा. व्हॉट्सॲपवर ब्लॉक आणि रिपोर्ट करताना चॅटही पुसण्याचा पर्याय समोर येतो, तिथली खूण काढून टाका. घाईत पुरावा जातो तो इथंच.

पैसे देऊ नका. एकदा दिले की मागणी वाढते, थांबत नाही. आधीच दिले असतील तर तातडीनं १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन करा आणि यूपीआय व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक, रक्कम, वेळ सांगा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम पुढच्या खात्यांत गोठवली जाण्याची शक्यता जास्त. धमकावणाऱ्याला शिव्या देणं, 'पोलिसांत जातो' म्हणून धमकावणं किंवा गावातल्या चार पोरांना घेऊन त्याला भेटायला बोलावणं, यातलं काही करू नका. सावध झाला की तो अकाउंट बंद करून निघून जातो.

तक्रार जवळच्या कुठल्याही ठाण्यात देता येते. हद्द आमची नाही असं उत्तर चालत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्द कोणतीही असो, माहिती नोंदवून घ्यावीच लागते. यालाच झिरो एफआयआर म्हणतात. इथं एक अडचण नेहमी येते. माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या गुन्ह्याचा तपास पोलीस निरीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानंच करायचा असतो, आणि ग्रामीण भागात ठाण्याचा प्रभार पुष्कळदा सहायक पोलीस निरीक्षकाकडे असतो. म्हणून 'जिल्ह्याला सायबर ठाण्यात जा' असं सांगून घरच्यांना परत पाठवलं जातं. तपास पुढे वर्ग होईल, पण नोंद तिथंच झाली पाहिजे. पोक्सो, म्हणजे लैंगिक गुन्ह्यांपासून मुलांचं संरक्षण करणाऱ्या कायद्याखालची माहिती नोंदवून न घेणं हा त्याच कायद्याच्या कलम २१ नुसार शिक्षापात्र गुन्हा आहे. हे आवाज न चढवता, पण ठामपणे सांगावं.

मुलाला अठरा पूर्ण नसतील तर पोक्सो लागू होतो. बारावीतला सतरा वर्षांचा उंचापुरा मुलगाही त्यात येतो. लैंगिक हेतूनं मुलाला ऑनलाइन वारंवार गाठणं कलम ११ मध्ये येतं आणि त्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ बी मध्ये असं साहित्य बनवणं, पाहणं, डाउनलोड करणं, पसरवणं आणि मुलांना ऑनलाइन लैंगिक संबंधांकडे ओढणं, या सगळ्याला पहिल्या वेळी पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड आहे. असं साहित्य फोनमध्ये बाळगणाऱ्यालाही सुटका नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालात स्पष्ट केलं आहे. तेव्हा 'मला फक्त ग्रुपवर आलं होतं' म्हणणाऱ्यांनीही सावध व्हावं.

ठाण्याची पायरी चढायची भीती घालवायला पोक्सोचं कलम २४ माहीत असावं. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल त्या ठिकाणी घ्यायचा असतो, शक्यतो उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्यानं, तोही गणवेशात नसताना. मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. पोलिसांनी २४ तासांत बालकल्याण समितीला कळवायचं असतं. फोन ताब्यात घेतला तर पंचनाम्याची प्रत मागा, आणि अभ्यासाचं जे काही त्यात आहे ते आधी काढून घ्या. जाणं शक्यच नसेल तर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावर महिला व बालकांविरुद्धच्या गुन्ह्यांचा वेगळा विभाग आहे. तिथं नाव न देताही कळवता येतं, मात्र अशा निनावी तक्रारीचं पुढे काय झालं ते पाहता येत नाही. फडातून फोन करणाऱ्या आई-बापासाठी १०९८ (मुलांसाठीची मदतवाहिनी) आणि ११२ (तातडीची मदत) हे क्रमांक चोवीस तास सुरू असतात. मूल फार खचलं असेल तर १४४१६ या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेच्या क्रमांकावर मराठीत बोलता येतं. 'जीव देतो' अशी भाषा असेल तर त्याला क्षणभरही एकटं सोडू नका, बाकीची कामं नंतर.

फोटो पसरण्याची भीती मुलाला सगळ्यात जास्त खाते. त्यासाठी 'टेक इट डाउन' नावाची मोफत सेवा आहे. अठरा वर्षांखालच्या वयात काढलेल्या फोटोचा एक आकडी ठसा ती मुलाच्या फोनमध्येच तयार करते. फोटो फोनबाहेर जात नाही, फक्त ठसा जातो, आणि इन्स्टाग्राम, फेसबुक, स्नॅपचॅटसारख्या सहभागी कंपन्या त्यावरून तो फोटो ओळखून काढू शकतात. ठसा घ्यायला मूळ फोटो लागतो, म्हणून फोन जमा करण्याआधी हे उरकावं. व्हॉट्सॲपच्या खासगी चॅटमध्ये गेलेल्या फोटोवर याचा उपयोग होत नाही.

सेटिंगचं थोडक्यात. अकाउंट उघडताना मुलं जन्मसाल खोटं टाकतात आणि तिथंच सगळी संरक्षणं गळून पडतात, कारण इन्स्टाग्रामच्या लेखी तो मोठा माणूस असतो. वय खरं असेल तर अकाउंट आपोआप प्रायव्हेट राहतं आणि सोळाच्या आतल्या मुलाला ते बदलायला पालकाची परवानगी लागते. आधी जन्मतारीख तपासा. व्हॉट्सॲपवर ग्रुपमध्ये कोण घेऊ शकतं आणि डीपी कुणाला दिसतो, या दोन्ही ठिकाणी 'माय कॉन्टॅक्ट्स' करा. स्नॅपचॅटच्या नकाशावर ठिकाण लपवणारा घोस्ट मोड लावा, ठिकाण दाखवणं सुरू असेल तर मुलगी कुठं राहते तेही दिसत राहतं.

शाळा आणि क्लासचालकांना दोन गोष्टी सांगायच्या आहेत. निकालाच्या जाहिरातींत मुलींचा फोटो, पूर्ण नाव, गाव आणि गुण असं सगळं एकत्र छापून सोशल मीडियावर टाकणं बंद करा. ओळख काढायला निघालेल्याला एवढ्या माहितीत सगळं मिळतं. शिक्षक आणि विद्यार्थी यांचं एकास एक चॅट नको, जे काही सांगायचं ते पालकही असलेल्या ग्रुपवर सांगा. २०२२ च्या शासन निर्णयानुसार शाळांत मुलांच्या सुरक्षेसाठीची सखी सावित्री समिती असायला हवी. ती कागदावर असेल तर या हंगामात एक बैठक फक्त या विषयावर घ्या, आणि हंगामी वसतिगृहातल्या मुलांना त्यात बोलवा. गुन्हा कळल्यावर 'आधी संस्थेत चर्चा करू' अशी सोय कायद्यात नाही. पोक्सोच्या कलम १९ नुसार कळलं की पोलिसांना कळवायचंच, आणि हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद आहे.

शेवटची विनंती आपल्याकडेच आहे, संपादक महोदय. अशा बातम्यांत मुलीचं नाव नसतं, पण तालुक्याच्या बातमीत गाव, इयत्ता, बापाचा धंदा आणि आरोपीशी असलेलं नातं येतं. हजार उंबऱ्यांच्या गावात ती कोण हे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं, आणि पुढच्या वेळी दुसरी मुलगी तोंड उघडत नाही. पोक्सोच्या कलम २३ मध्ये नावाबरोबर पत्ता, फोटो, कुटुंब, शाळा, परिसर किंवा ओळख उघड होईल असा कुठलाही तपशील छापायला मनाई आहे, आणि जबाबदारी वार्ताहराबरोबर प्रकाशकाचीही धरली आहे. आपल्या गावोगावच्या वार्ताहरांना हे कलम लेखी कळवावं, आणि प्रत्येक अशा बातमीखाली १०९८, ११२ आणि १९३० हे तीन क्रमांक छापावेत.

आपले,
बाल संरक्षणाचं काम करणारे कार्यकर्ते,
अंबाजोगाई, जि. बीड