खाटेवरच्या रुग्णाचाही ईसीजी काढा

संपादक महोदय,

शुभांशू शुक्ला २०२५ मध्ये अंतराळ स्थानकात जाऊन आले, तेव्हापासून गावातली पोरंही वजनरहित अवस्थेबद्दल विचारतात. जमिनीवर तिचा अभ्यास करायला माणसाला डोक्याकडे ६ अंश उतरत्या पलंगावर कित्येक दिवस झोपवून ठेवतात. रक्तातला द्रव घटतो, हृदयाचा स्नायू बारीक होतो आणि ईसीजीतल्या टी लहरीत, म्हणजे ठोक्यानंतर हृदय विद्युतदृष्ट्या पूर्ववत होण्याच्या क्रियेत, सूक्ष्म फरक आढळले आहेत. हे स्वयंसेवक तर धडधाकट! आमच्याकडे बैलगाडीवरून पडून मांडी मोडलेला शेतकरी महिनोन्महिने खाटेवर असतो. त्याला उभं करताना नाडीही कुणी बघत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रांनी अशा रुग्णांचा ईसीजी घरी येऊन काढावा.

– एक वाचक, दारव्हा (जि. यवतमाळ)