टाकळ्याची पैज

नागाळा पार्क, कोल्हापूर

प्रिय दिनू,

दिवाळीपासून तुला चार ओळी टाकल्या नाहीत. शिव्या दे, हक्क आहे. तब्येत ठीक. साखर ताब्यात, गुडघा कुरकुरतोय.

काल रात्री अकराला बॅटरी घेऊन अंगणात उतरलो. टाकळ्याची पानं मिटलेली! समोरासमोरची एकमेकांना चिकटून, तीन-तीन जोड्या. पन्हाळ्यावर तू हेच सांगत होतास आणि मी मिसळीची पैज मारली होती. हरलो, लेका. एका पानावर पिवळ्या फुलपाखराचं अंडं होतं, तांदळाच्या कणीहून बारीक, उभं.

टाकळा अंगणात कुठून आला म्हणशील. अप्पांच्या लॉनवर आलाय. हो, त्याच. सायकल नेलीस म्हणून छत्रीनं बडवलं होतं तुला, त्याच लॉनवर. अप्पा गेल्यापासून कापलंच नाही. आधी निव्वळ आळस, खोटं कशाला बोलू. मग हरळीत केना शिरला, एकदांडी आली, कुर्डू आला, आणि मनोल्या लांब पाती चोचीत धरून लिंबात घरटं करायला लागल्या. आता गवतानं बी धरलंय, सकाळी त्यांचीच झुंबड. कापू कसा? काँग्रेस गवत तेवढं फुलायच्या आत उपटतो. तुमच्या पुण्याचीच ती देणगी, १९५० च्या दशकातली.

पुढच्या आठवड्यात वर्षश्राद्ध. भाऊ फोनवर म्हणाला, "अप्पांच्या दारात रान माजवलंस, लोक काय म्हणतील?" लोकांचं सोड, मला अप्पांचंच भ्या वाटतंय. दर रविवारी कात्री घेऊन कडा सारख्या करणारा माणूस! त्यांच्या हातचं एवढंच मागं राहिलं होतं, तेही मी घालवलं का रे? तुला विचारतोय, कारण त्यांचा मार खाल्लेला बाहेरचा तू एकटाच.

त्यात परवा शेजारच्या काकूंनी "घोणस! घोणस!" करून गल्ली गोळा केली. सर्पमित्रानं गवतातून काढली ती नानेटी, बेडकं खाणारी, बिनविषारी. काकूंचं समाधान नाहीच. मी आपला फाटकापासून पायरीपर्यंत दोन हात रुंद वाट कापून घेतली, त्यांच्या भिंतीकडंचंही काढलं. भांडायला तोंड राहिलं पाहिजे.

भाऊला सांगितलंय, दसरा होऊ दे, बी झडू दे, पिल्लं उडू देत, मग कापतो. "बघू" म्हणाला. हुबेहूब अप्पांचा "बघू".

वहिनींच्या मोतीबिंदूचं झालं का? पोरीचा निकाल कळव. श्राद्धाच्या आदल्या दिवशीच ये, मिसळ देणं लागतो.

तुझा,
बाळ्या

ता. क. गाडी फाटकाबाहेरच लाव.